कपाटातले पुस्तक दप्तरात कसे येते?

तिसरीतले मूल एसटीत चढण्याआधी पाटी वाचते. कळंब, येरमाळा, बार्शी. मग खिडकीतून दिसणाऱ्या दुकानांची नावे, बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरे, भेळ संपल्यावर हातात उरलेला कागद. कुणी सांगितलेले नसते, मार्क मिळणार नसतात, तरी ते वाचत सुटते. दुसऱ्या दिवशी हेच मूल शाळेत तीनशे पुस्तकांच्या कपाटाला पाठ टेकून बसते आणि वर्षभरात त्यातले एकही पुस्तक उघडत नाही.

पुस्तके वाईट असतात म्हणून? तसे नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचे कपाट उघडून पाहावे. कुणी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला संच, पुण्यात नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्याने पाठवलेले खोके, कुणा मंडळाने पंधरा ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, दिलेली भेट. प्रत्येकामागे मनापासूनची इच्छा असते. तरीही दाता ते वाचक हा रस्ता मध्येच कुठेतरी तुटतो. तो नेमका कुठे तुटतो हे कळले, तर पुस्तकाला कपाटातून बाहेर काढणे फार खर्चाचे काम उरत नाही.

कुलूप कशाला लागते?

पहिला अडथळा लोखंडी असतो. शाळेत आलेले पुस्तक डेड स्टॉक रजिस्टरात चढते, म्हणजे टेबल, खुर्ची, घंटा यांच्या रांगेत जाऊन बसते. खुर्ची हरवली तर शिक्षकाला जाब द्यावा लागतो, म्हणून पुस्तकाचीही तशीच भीती बसते. बदलीच्या वेळी पदभार देताना संख्या जुळली पाहिजे. संख्या जुळवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कुलूप. यात शिक्षकाचा आळस नाही, नोंदवहीने शिकवलेली सावधगिरी आहे.

ही सावधगिरी फार जुनी आहे. युरोपातल्या मध्ययुगीन ग्रंथालयांत पुस्तके साखळदंडाने फळीला बांधलेली असत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, तेव्हा पहिल्याच नियमाच्या विवेचनात या साखळदंडांची आठवण काढली. पुस्तक जपून ठेवण्यासाठी नसते, वापरण्यासाठी असते, हा तो नियम. आता साखळी गेली आहे, कपाटाची कडी मात्र अजून आहे.

कायदाही वापराच्याच बाजूने उभा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्र, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे परिशिष्टात लिहून ठेवले. समग्र शिक्षा अभियानातून ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांच्या अनुदानाची तरतूद झाली. प्राथमिक शाळेच्या वाट्याला यातला सर्वांत लहान आकडा येतो. त्यातून चार-पाच डझन चित्रपुस्तके येतील. बाकीची भूक दानावर भागवायची असेल, तर दानाची रीत नीट समजून घ्यावी लागते.

पोते उघडल्यावर

दानाचे पोते उघडले की काय निघते? बारावीची गाईडे, स्पर्धा परीक्षांची जुनी पुस्तके, कव्हर फाटलेले दिवाळी अंक, पोथ्या, थोरांची तीन-तीनशे पानी चरित्रे. 'श्यामची आई'च्या पाच-सहा प्रतीही हमखास सापडतात. पुस्तक थोर आहे, पण पहिलीतल्या मुलाच्या हातात ते आज देता येत नाही.

इथे एक युक्ती फार मोलाची आहे. आधी निवड, मग नोंद. एकदा दाखल क्रमांक पडला की ते पुस्तक काढून टाकायला निर्लेखनाची सगळी प्रक्रिया करावी लागते आणि नको असलेले पुस्तकही वर्षानुवर्षे जागा अडवून बसते. म्हणून पोते सतरंजीवर रिकामे करून तीन ढीग करावेत. मुले आज वाचू शकतील अशी पुस्तके पहिल्या ढिगात. शिक्षकांना, पालकांना किंवा गावच्या हायस्कूलला चालतील अशी दुसऱ्यात. तिसरा ढीग रद्दीचा. रद्दी विकायला मन धजत नाही हे खरे, पण त्या पैशांतून आलेली दोन नवी चित्रपुस्तके दात्याच्या हेतूच्या अधिक जवळची असतात.

जगाने हा धडा अनुभवातून घेतला. बहामाच्या गव्हर्नरची पत्नी लेडी रॅनफर्ली हिने १९५४ साली तिथल्या शाळांसाठी ब्रिटनमधून वापरलेली पुस्तके मागवायला सुरुवात केली. त्यातून उभी राहिलेली संस्था आज बुक एड इंटरनॅशनल म्हणून ओळखली जाते. घराघरांतली जुनी पुस्तके गोळा करण्यापासून ती सुरू झाली आणि हळूहळू प्रकाशकांकडून नवी कोरी, निवडक पुस्तके घेऊन पाठवण्यापर्यंत आली. देणाऱ्याकडे काय उरले आहे यापेक्षा वाचणाऱ्याला काय हवे आहे, हा प्रश्न पुढे आला.

धाराशिवकरांना अशा निवडीचे आणि मांडणीचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. तेर गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, पांढरीच्या मातीत सापडणारे मणी, मृण्मूर्ती, नाणी अशा वस्तू जन्मभर जमवल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरमध्ये उभे आहे. मणी मातीतच पडून राहिला असता तर तो खडा होता. कुणीतरी तो उचलला, पुसला, त्याच्यासारख्या दुसऱ्या मण्यांशेजारी ठेवला, खाली नाव लिहिले, तेव्हा तेरचा, म्हणजेच प्राचीन तगर नगरीचा, इतिहास बोलू लागला. पुस्तकांच्या पोत्यावरही हेच काम करायचे असते.

ओंजळीतले पाणी

आता निवडायचे कसे? त्यासाठी मूल वाचते म्हणजे नेमके काय करते, हे पाहावे लागेल.

नळावरून ओंजळीत पाणी घेऊन अंगणाच्या टोकाला ठेवलेल्या रांजणापर्यंत जायचे आहे. भरभर चालणाऱ्याच्या ओंजळीत निम्मे पाणी तरी उरते. दर पावलाला अडखळणारा पोचतो तेव्हा हात नुसते ओले असतात. वाचनात ही ओंजळ म्हणजे आपली तात्पुरती स्मृती. वाक्याच्या सुरुवातीचे शब्द ती काही क्षण धरून ठेवते. दुसरीतले मूल 'स्वातंत्र्यसैनिक' हा शब्द फोडायला बसते. 'स्वा', मग 'तं', मग 'त्र्य' पाशी थांबते, मागे जाते, पुन्हा येते. तेवढ्यात वाक्याचा कर्ता ओंजळीतून सांडून गेलेला असतो. शब्द वाचला जातो, गोष्ट कळत नाही. आणि गोष्ट कळली नाही की पान उलटायचे कारणच उरत नाही.

एसटीची पाटी आणि बिस्किटाचा पुडा ते मूल आवडीने का वाचते, याचे उत्तर इथे मिळते. मजकूर दोन-तीन शब्दांचा, अक्षर ठसठशीत, आणि अर्थ समोर उभा: बस आली आहे, पुडा हातात आहे. ओंजळ सांडायच्या आत रांजण येतो.

म्हणून पहिलीसाठी पानावर एक-दोन ओळी आणि मोठे चित्र, तिसरीसाठी छोटे परिच्छेद, पाचवीसाठी फास्टर फेणेची धावपळ. प्रथम बुक्ससारखे प्रकाशक आपल्या पुस्तकांना चार पायऱ्या लावतात. दानात आलेल्या पुस्तकांवर अशी पायरी छापलेली नसते, ती शिक्षकाला मुलांच्या मदतीने ठरवावी लागते. सोपी कसोटी अशी: मुलाने मधले कोणतेही पान उघडून वाचावे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडावे. पान संपण्याआधी मूठ वळली तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवावे. मग कोपऱ्यावर रंगीत टिकली चिकटवावी. टिकली पुस्तकाची आहे, मुलाची नव्हे, एवढे मात्र सांभाळावे. 'तू अजून लाल टिकलीतच का?' असे एकदा कुणी म्हणाले की त्या मुलाचा फळीकडे जाणारा रस्ता बंद होतो.

सोप्या पुस्तकांचा आग्रह मुलांना खाली ठेवण्यासाठी नसतो. वाचन विरजणासारखे आहे. वाटीभर दही लागले की त्यातला चमचा उद्याच्या दुधाला पुरतो. समजून वाचलेल्या पुस्तकातून नवे शब्द येतात, ते शब्द पुढचे पुस्तक सोपे करतात. उलट पहिला चमचाच मिळाला नाही तर दूध तसेच राहते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली ही वाढत जाणारी दरी तपशिलाने मांडली: वाचणारे अधिक वाचत जातात, अडखळणारे टाळत जातात, आणि वर्षागणिक दोघांतले अंतर रुंदावते. म्हणून पहिली-दुसरीची पातळ, चित्रांची पुस्तके ही दानातली सर्वांत निकडीची वस्तू. पोत्यात नेमकी तीच सर्वांत कमी असतात.

कणा नसलेली पुस्तके

सोळा पानांच्या चित्रपुस्तकाला मधोमध दोन पिना मारलेल्या असतात. त्याला कणाच नसतो, मग कण्यावर नाव कुठून छापणार? कपाटात उभे लावले की ते दिसेनासे होते. जाड चरित्रे आपली नावे मिरवत पुढे उभी, आणि ज्या पुस्तकाने मूल वाचायला लागेल ते दोन जाड पुस्तकांच्या फटीत दडलेले.

तुळजापुरात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा खेळणीवाला अशी चूक कधी करत नाही. भिंगरी, शिट्टी, बाहुली, सगळे तोंड पुढे करून टांगलेले, आणि तेही मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. शाळेने त्याच्याकडून शिकावे. वर्गाच्या भिंतीला, जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर, नायलॉनची दोरी ताणावी. कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तके दर्शनी बाजू पुढे करून अडकवावीत. गावातल्या शिंप्याने जुन्या नऊवारीला खिसे शिवून दिले तर तीच साडी पडद्यासारखी टांगता येते, एका खिशात एक पुस्तक. खाली सतरंजी. सुताराने अर्धा दिवस दिला तर टाकाऊ फळ्यांची उतरती मांडणी होते. हेही दानच. पुस्तक विकत द्यायची ऐपत नसलेल्या पालकाचा शाळेच्या ग्रंथालयात वाटा असू शकतो, तो असा.

एकाच वेळी दोरीवर चाळीस-पन्नास पुस्तके पुरेत. पंधरा दिवसांनी निम्मी बदलावीत. तीच पुस्तके महिनाभर टांगलेली राहिली की ती भिंतीचा भाग होऊन जातात आणि नजर त्यांच्यावरून घसरते.

पुस्तके बाहेर आली की फाटणार. पिन गंजते, गंज कागद खातो आणि मधले पान सुटते. चिकटपट्टी लावायचा मोह टाळावा, कारण ती वर्ष-दोन वर्षांत पिवळी पडते, सुटते आणि कागदावर चिकट डाग ठेवून जाते. त्यापेक्षा शिलाई बरी, आणि ती चौथीतल्या मुलांनाही जमते. गंजलेल्या पिना काढायच्या. घडीवर टोच्याने तीन भोके पाडायची: एक मधोमध, एक वर, एक खाली. जाड सुती दोरा ओवलेली सुई आतल्या बाजूने मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत न्यायची, मधले भोक ओलांडून खालच्यातून बाहेर काढायची आणि शेवटी पुन्हा मधल्यातून आत आणायची. आत दोऱ्याची दोन टोके उरतात. मधून जाणारा लांब टाका त्या दोन टोकांच्या मध्ये धरून गाठ मारली की झाले. दहा मिनिटांचे काम. आपण शिवलेले पुस्तक मूल कसे हाताळते ते पाहावे. ते दुसऱ्याला देतानाही दोन्ही हातांनी देते.

शेळी कुठे आहे?

अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली सांगितले की मुलांना पुस्तकात खिडकीही हवी आणि आरसाही हवा. खिडकीतून दुसऱ्यांचे जग दिसते, आरशात स्वतःचे. दानाच्या पुस्तकांत खिडक्या भरपूर असतात. बर्फ, राजवाडे, शहरातले उंच फ्लॅट. आरसे मोजके.

या जिल्ह्याचे जुने नाव शेळीच्या एका जातीमुळे दूरवर पोचले आहे. काळीभोर, काटक, बहुधा जुळी करडे देणारी उस्मानाबादी शेळी. वाशी-भूमकडच्या कितीतरी मुलांची सकाळ करडांच्या मागे धावण्यात जाते. भूमच्या खव्याच्या भट्ट्या, नळदुर्गच्या किल्ल्यातला नर-मादी धबधबा, येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा, यांवर सहा-आठ वर्षांच्या मुलाला वाचता येईल असे पुस्तक बाजारात सहसा मिळत नाही. मग ते करावे लागते. मूल बोलते, शिक्षक त्याच्याच शब्दांत लिहून घेतात, मूल चित्र काढते आणि वर सांगितलेल्या टाक्याने आठ पानांचे पुस्तक शिवले जाते. या पुस्तकातला प्रत्येक शब्द मुलाने आधी कानाने आणि जिभेने ओळखलेला असतो, म्हणून ते अडखळत नाही. आजीकडून ऐकलेली गोष्टही अशीच पुस्तकात येते. ही आजी शाळेची दात्री आहे, तिचे नाव पहिल्या पानावर छापखान्यासारख्या ठळक अक्षरांत लिहावे.

भाषेचाही विचार हवा. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, उमरगा-नळदुर्गच्या बाजूला कन्नड कानावर पडते, कित्येक घरांत दखनी उर्दू आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या ऑनलाइन संग्रहात मराठी, कन्नड, उर्दू अशा अनेक भाषांतल्या गोष्टी खुल्या परवान्याने ठेवलेल्या आहेत. खुला परवाना म्हणजे मूळ लेखक-चित्रकाराचे नाव कायम ठेवून ती कुणीही छापावी, वाटावी, तिचा अनुवादही करावा. कोविडच्या काळात राज्यात 'गोष्टींचा शनिवार' चालला तो याच संग्रहातल्या गोष्टींवर. ज्या दात्याकडे प्रिंटर आहे त्याला द्यायला पुस्तके कमी पडणार नाहीत.

आवाजाचे दान

टांगलेली सगळीच पुस्तके आपोआप उचलली जात नाहीत. ज्या पुस्तकाची चव आधी कळली आहे त्याच्यावर झुंबड उडते, आणि ती चव कळते वाचून दाखवल्याने.

त्यातही एक खुबी आहे. १९८८ साली मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लहान मुलांच्या घरी महिनाभर एक प्रयोग केला. निम्म्या पालकांना वाचताना मध्ये थांबून विचारायला शिकवले: हे काय आहे? आता काय होईल? तुला काय वाटते? बाकीचे पालक नेहमीसारखे सरळ वाचत गेले. महिन्याअखेर पहिल्या गटातल्या मुलांची बोलण्याची भाषा पुढे गेलेली दिसली. प्रश्नामुळे मूल नुसते ऐकत बसत नाही, गोष्टीत शिरते आणि आपला अंदाज खरा ठरतो का हे पाहण्यासाठी पुढच्या पानाकडे झेपावते. माधुरी पुरंदरे यांच्या 'यश' मालिकेतली रोजच्या घरातली चित्रे अशा गप्पांसाठी फार उपयोगाची आहेत.

वाचून दाखवायला शिक्षकच हवेत असेही नाही. सुट्टीवर आलेला जवान, कॉलेजात जाणारी ताई, अंगणवाडीची सेविका, कुणीही आठवड्यातला अर्धा तास देऊ शकते. गोष्ट संपली की ते पुस्तक कपाटात न ठेवता तिथेच, मुलांच्या हाताशी ठेवावे.

> देणगी देण्याआधी
> शाळेला विचारा: पट किती, पहिली-दुसरीत किती मुले, कोणती पुस्तके आधीच आहेत. एका जाड ग्रंथाऐवजी दहा पातळ पुस्तके द्या. 'किशोर' मासिकाची वर्षाची वर्गणी भरली तर भेट एका दिवसात संपत नाही, दर महिन्याला येत राहते. बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते. पुस्तकांसोबत दोरी, चिमटे, सतरंजी, जाड दोरा यांसाठी थोडी रक्कम ठेवा. पुस्तक फाटले, हरवले तर चालेल, असे शाळेला लेखी कळवा; या एका चिठ्ठीने कुलूप उघडते. आणि सहा महिन्यांनी किती पुस्तके शिल्लक आहेत हे न विचारता कोणते पुस्तक किती वेळा घरी गेले ते विचारा.

फिरणारी पेटी

तीस पटाच्या शाळेत दोनशे पुस्तके आली तरी दोन वर्षांत वाचणारी मुले ती संपवतात. यावरचा तोडगा बडोद्यात शंभरहून अधिक वर्षांपूर्वी निघाला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावले आणि संस्थानातल्या खेड्यांपर्यंत लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरू लागली. एका गावाने वाचली की पेटी परत, दुसरी हजर. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमानेही २००९ पासून हीच पेटी नव्याने फिरवली. लोक वाढदिवसाला किंवा कुणाच्या स्मरणार्थ पैसे देतात, त्यातून शंभर पुस्तकांची पेटी होते आणि वाचकांच्या एका गटाकडून दुसऱ्याकडे जाते.

जिल्हा परिषद शाळांना यासाठी वेगळी व्यवस्था उभारायची गरज नाही. एका केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या गटातल्या, शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र जमतातच. दहा शाळांनी चाळीस-चाळीस पुस्तकांची एकेक पेटी केली आणि दर परिषदेला ती पुढच्या शाळेकडे सरकवली, तर चाळीस पुस्तकांच्या खर्चात प्रत्येक शाळेला चारशे पुस्तके मिळतात. पेटीत मुलांच्या हस्ताक्षरातली एक वही असावी. पुस्तकाचे नाव, वाचणाऱ्याचे नाव, एक ओळ. पुढच्या शाळेतली मुले पुस्तकाआधी ती वही वाचतात.

पेटीसुद्धा पोचत नाही अशी मुले या जिल्ह्यात आहेत. बालाघाटच्या रांगेतल्या गावांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. हंगामी वसतिगृहात काही मुले मागे राहतात, काही आईवडिलांबरोबर फडावर जातात. त्यांच्या जागा चार-पाच महिने रिकाम्या असतात आणि परतल्यावर ओंजळ पुन्हा सांडू लागते. अशा मुलांसाठी जुन्या जीन्सची जाड पिशवी शिवावी. तिच्यात सहा पातळ पुस्तके, दोन 'किशोर'चे अंक, एक कोरी वही आणि दोन पेन्सिली. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मोठ्या बहिणीने धाकट्याला वाचून दाखवावे म्हणून त्यातली दोन पुस्तके आधीच वर्गात ऐकवलेली असावीत. देवघेव वहीत मुलाचे नाव, पुस्तकांची नावे आणि नेल्याची तारीख लिहावी. परतीच्या रकान्यात तारखेऐवजी 'पाडव्यानंतर' एवढेच लिहावे.